बारा मेगापिक्सेल पुरतात

निकॉनचा डी७०० जुलै २००८मध्ये आला. १२.१ मेगापिक्सेल. व्हिडिओ नाही, टचस्क्रीन नाही, कार्डही जुनं कॉम्पॅक्टफ्लॅश. बॅटरी काढूनसुद्धा वजन ९९५ ग्रॅम. तरी लोक हा कॅमेरा शोधून शोधून विकत घेतात. त्यावर 'नॉस्टॅल्जिया' असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आधी मेगापिक्सेल. डी७००चा फोटो ४२५६ पिक्सेल रुंद असतो. इन्स्टाग्राम तो १०८०वर आणून ठेवतं. ३०० डीपीआयने छापला तर चौदा इंच रुंद निघतो. घरात त्याहून मोठा फोटो शेवटचा कधी लावलात? (भिंतीवरचे आजोबाही बहुधा लहानच असतील.) लांबचा पक्षी टिपून नंतर क्रॉप करणाऱ्यांना ४५ मेगापिक्सेल लागत असतील, त्यांनी खुशाल घ्यावेत. पण शिकणाऱ्या पोराला 'याच्याशिवाय जमणारच नाही' असं सांगून हप्त्यांत अडकवणारे यूट्यूबवाले त्याला काय शिकवतात? फक्त खरेदी.

दुसरं भांडण आपल्याच बाजूच्या लोकांशी. 'जुन्या सेन्सरच्या रंगांत जादू असते' म्हणे. डी७००चा सेन्सर सीमॉस आहे, आजच्या कॅमेऱ्यांत असतो त्याच जातीचा. रॉ फाइलमधून कोणते रंग निघणार, हे बरंचसं सॉफ्टवेअर ठरवतं. जादूच्या गप्पांनी एकच गोष्ट होते, सेकंडहँडचा भाव चढतो.

मग हा कॅमेरा टिकलाय कशावर? तो रोज राबणाऱ्या माणसासाठी बनवला होता, यावर. मॅग्नेशियमची बॉडी, दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं शटर. आयएसओ आणि व्हाइट बॅलन्सला स्वतंत्र बटणं, त्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हटवता बोटांनीच सगळं बदलता येतं. एफ-माउंट १९५९पासूनचा, आणि ऑटोफोकसची मोटर बॉडीतच. म्हणून जुन्या, स्वस्त एएफ-डी लेन्सही आपोआप फोकस होतात. निकॉनच्या मिररलेसवर त्याच लेन्स कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरने लावून बघा. मोटरच नाही, फोकस हाताने करा! याला प्रगती म्हणायचं तर म्हणा.

आणि फोन? दिवाळीत पणतीच्या उजेडातला चेहरा काढा. फोन एकामागून एक फ्रेम घेतो, त्या एकमेकींत मिसळतो, सावल्या उचलतो आणि चेहरा ट्यूबलाइटखाली बसल्यासारखा करून देतो. तुम्हाला अंधार हवा होता, हे त्याने विचारलं का? जेपेग बनवताना डी७००ही थोडी लुडबूड करतो, नाही असं नाही. पण एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवलं की फोटो काळा आला तर तुमच्यामुळे आणि नेमका आला तरी तुमच्यामुळेच. 'हे मी का केलं?' असं विचारायला जागा उरते. माझ्या मते फोटोग्राफी तिथे सुरू होते, आणि ती जागा आपण फोनला फुकटात देऊन टाकतोय.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना आज रील्स द्याव्याच लागतात. त्यांनी या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारात चक्कर मारा. पकडीचं रबर सुटलेलं असेल तर घाबरू नका, ते चिकटवता येतं. शटर काउंट विचारा. आणि कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून आतल्या बारीक पिना बघा. एक जरी वाकलेली दिसली, तरी पुढच्या दुकानात जा.