लेथवरचं बिल कशानं वाढते : लकडगंजातल्या कामाचा हिशेब

राजेहो, मे महिना लागला की लकडगंजात आपल्या भागातले शेतकरी दिसायला लागतात. कोणाच्या पिशवीत रोटाव्हेटरचा शाफ्ट, कोणाच्या हातात थ्रेशरचा घासलेला बुश. लाकडाच्या वखारी अन् आरा मशीनसाठी हा भाग जुना प्रसिद्ध. पण त्याला लागूनच स्मॉल फॅक्टरी एरियात लेथ, मिलिंगची दुकानं आहेत, आपलं काम तिथं पडते. बिल हातात आलं की बहुतेकांच्या तोंडी एकच बोल, "एवढ्याशा लोखंडाचे एवढे पैसे?"

माझं मत असं की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. आपल्याला माल वजनावर विकायची सवय आहे, म्हणून आपण लोखंडही वजनावर मोजतो. लेथचं काम वेळेवर मोजलं जाते.

लोखंडाचा हिशेब सोपा आहे. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 नं भागा. एका मीटरचं वजन किलोत निघते. 45 मिमीची सळई म्हणजे मीटरला साडेबारा किलो. अर्धा मीटर घेतली तर सव्वासहा किलो. भाव कोणत्याही दुकानात विचारा, बिलातला लोखंडाचा वाटा लगेच समजते. उरलेले पैसे कशाचे, ते पाहू.

पहिली गोष्ट, सेटिंग. जॉब चकात धरणे, सेंटर काढणे, टूल लावणे, तुमच्या घासलेल्या तुकड्यावरून माप काढणे. धातूचा एक छिलका निघायच्या आधीच हा वेळ जाते. समजा सेटिंगला 90 मिनिटं, प्रत्यक्ष कामाला 20 मिनिटं अन् मशीनचा दर तासाला 400 रुपये. हे आकडे फक्त हिशेबासाठी धरले आहेत. एक नग केला तर 110 मिनिटं, म्हणजे 733 रुपये. तेच दहा नग एकदम केले तर एकूण 290 मिनिटं, नगाला 29 मिनिटं, म्हणजे 193 रुपये. कारागीर तोच, मशीन तेच, दरही तोच. फरक फक्त नगाचा.

कंपनीचा पार्ट म्हणूनच स्वस्त पडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली अन् तिथं लोखंडी नांगर केले. ओतकामाचा साचा एकदा करावा लागते, पण त्याचा खर्च पुढं निघणाऱ्या प्रत्येक फाळावर वाटला जाते. म्हणून बाजारात तयार पार्ट मिळत असेल तर लेथवर जाऊच नका. चांगला कारागीर स्वतःच तसं सांगते.

दुसरी गोष्ट, मापाची बारकाई. 6208 नंबरच्या बेअरिंगचं भोक 40 मिमी असते. शेवटच्या 08 ला पाचनं गुणलं की माप निघते. ती बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवायची तर शाफ्ट साधारण 40.002 ते 40.018 मिमीच्या आत पाहिजे. आपल्या डोक्याचा केस याच्यापेक्षा जाड असते. तिथं कारागीर थांबत थांबत, मायक्रोमीटर लावत काम करते, अन् वेळ तिथंच जाते. पण त्याच शाफ्टचा मधला भाग नुसता मोकळा फिरते. तो अर्धा मिमी इकडंतिकडं झाला तर काही बिघडत नाही. "सगळं एकदम परफेक्ट करा" असं म्हणू नका. बेअरिंग कुठं, सील कुठं, मोकळं कुठं ते खडूनं खुणा करून द्या. नुसता घासलेला तुकडा नेला तर मूळ माप कारागिराला अंदाजानं धरावं लागते. म्हणून सोबत बेअरिंग न्या, त्यावर बसणारं चाकही न्या.

तिसरी गोष्ट, आकार. नुसता गोल शाफ्ट एका मशीनवर होते. त्यात चावीची खाच आली की दुसरं मशीन, नवी सेटिंग. ट्रॅक्टरच्या पीटीओसारखे सहा दाते काढायचे तर प्रत्येक दात्याला जॉब मोजून फिरवावा लागते. आटे, चावी, साखळी बाजारातल्या मापाचीच धरा. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये आट्यांचं एकसारखं माप मांडलं ते याच कारणासाठी. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता. आपण आजही वेगळ्या मापाचा आटा मागितला की त्याचे पैसे आपणच भरतो.

चौथी गोष्ट, धातू. इथं काटकसर महागात पडते. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन 0.2 टक्क्याच्या आसपास, ईएन-8 मध्ये साधारण 0.4 टक्के. ईएन-8 तापवून विझवलं की कडक होते, साधं स्टील तसं होत नाही. मेहनत दोन्हीला जवळपास सारखीच लागते. मग लोखंडात थोडे पैसे वाचवून सगळी मजुरी पणाला लावायची काहून? पेरणीच्या दिवशी शाफ्ट पिळला तर मजूर बसून राहतात अन् वावरातली ओल निघून जाते. ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही.

कोणी म्हणेल, जूनमध्ये दुकानदार अडवून पैसे घेतात. काही घेतही असतील. पण तातडीचं काम म्हणजे मशीनवर चढवलेला दुसऱ्याचा जॉब उतरवणे, अन् तो परत लावायचा वेळही कोणाला तरी भरावा लागते. शंका असेल तर बिल फोडून मागा: लोखंड किती, सेटिंग किती, मशीनचे तास किती, कडक करायचे किती. सरळ माणूस सांगते. दर पाडून घेतला तर कारागीर वेळ कमी करते, अन् वेळ कमी झाला की माप जाते.

म्हणून माझं म्हणणं दोन ठिकाणी आहे.

एक, आपल्या शेतकरी कंपन्या अन् अवजार बँकांना. एका गावात पेरणी यंत्रं, रोटाव्हेटर दोन-तीन कंपन्यांचेच असतात. मार्चमध्येच कोणता बुश, कोणता शाफ्ट किती जणांना लागतो याची यादी करा अन् एकदम करून घ्या. खत एकत्र घेता येते तर बुश का नाही?

दोन, कृषी विभागातल्या अन् विद्यापीठातल्या साहेबांना. महाडीबीटीवरून अनुदानावर जे अवजार दिलं जाते, त्याच्यासोबत झिजणाऱ्या पार्टची मापं, धातूचा ग्रेड अन् बेअरिंगचा नंबर छापलेला एक मराठी कागद सक्तीचा करा. तो कागद हातात असला की माप काढायचा वेळ वाचते, चुकीचा धातू लागत नाही. अनुदान एकदाच मिळते, दुरुस्ती दरवर्षी येते.

तुमच्या अवजाराचा दरवर्षी जाणारा पार्ट कोणता, तो खाली लिहा. मापासकट लिहा. यादी इथूनच सुरू करू.