आजारी कोण, हे ठरवायचं कुणी?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका टिकेच्या दोन होईनात. लोकांनी फोन बंद करून चालू केले, वायफायच्या नावानं बोटं मोडली. दोष तिथे नव्हताच. देखभालीसाठी दिलेल्या एका आज्ञेनं व्हॉट्सअ‍ॅपची मालकी असलेल्या फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं होतं. पुढचा घोळ यंत्रांनी घातला. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की स्वतःला आजारी समजायचं आणि इंटरनेटवरून आपला मार्ग काढून घ्यायचा, अशी शिकवण डीएनएस सर्व्हरना, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांना, दिलेली होती. एखादाच सर्व्हर बिघडला तर हे शहाणपणाचंच. त्या रात्री सगळे एकदम आजारी पडले आणि सेवा सहाएक तास ठप्प झाली.

अशा, परिस्थिती बघून स्वतःत बदल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा अभ्यास हे आता रीतसर संशोधनक्षेत्र आहे. २००१ मध्ये आयबीएमच्या पॉल हॉर्न यांनी शरीराचा दाखला दिला: हृदयाचे ठोके किती पडावेत हे आपण ठरवत नाही, तसं संगणकानंही आपलं आपण सांभाळावं. २००३ मध्ये संशोधक केफार्ट आणि चेस यांनी त्याचं चक्र मांडलं: लक्ष ठेवा, अर्थ लावा, आखा, अमलात आणा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘रेनबो’ प्रकल्पातलं नमुन्याचं उदाहरण बातम्यांच्या संकेतस्थळाचं आहे. वाचकांची झुंबड उडाली की ते सर्व्हर वाढवतं. खर्च झेपेनासा झाला की चित्रं गाळून नुसता मजकूर देतं. उपाशी ठेवण्यापेक्षा वरण-भात वाढलेला बरा!

पण चित्रं गाळण्याचा निर्णय चुकला तर? सुरुवातीची बरीच वर्षं ‘बदल कसा करायचा’ यातच गेली. बदलाची हमी कशी द्यायची, हा प्रश्न मागाहून ऐरणीवर आला. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डागस्टूलला याच विषयावर संशोधकांची बैठक भरली. माझ्या मते या क्षेत्राची खरी परीक्षा इथेच आहे. बँक, वीज, रुग्णालय यांच्यासाठी अशी यंत्रणा घेणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: ती आपणहून काय बदलेल, कुठे थांबेल आणि तिला थांबवणारा माणूस कुठून आत शिरेल?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल. त्या रात्री फेसबुकच्या अभियंत्यांना दुरुस्तीसाठी डेटा सेंटरमध्ये जातीनं जावं लागलं, आणि बंदोबस्त इतका कडक होता की आत शिरण्यातच वेळ गेला.