रूट कॅनाल झालं, कॅप राहिली? मग थांबू नका

बेंगळूरमधल्या ज्या मराठी माणसाच्या दाढेचं रूट कॅनाल झालं आहे आणि कॅप अजून बसलेली नाही, त्याने हे आवाहन आजच वाचावं. घरात असं कोणी असेल तर त्याला वाचून दाखवावं. ठणका थांबला म्हणजे दाढ वाचली, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तो खोटा आहे, आणि त्यापायी वाचू शकल्या असत्या अशा कितीतरी दाढा काढाव्या लागतात.

हे कसं घडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नगरथपेट, चिकपेटेत सोन्या-चांदीच्या गलाईचं काम करणारे विटा-खानापूरकडचे आपले लोक असोत, पिढ्यान्‌पिढ्या इथे शिवणकाम करणारी भावसार कुटुंबं असोत, की पीण्यातल्या कारखान्यात कंत्राटावर लागलेली मुलं असोत. दाढ ठणकायला लागली, रात्रीची झोप उडाली, की जवळच्या दवाखान्यात जायचं आणि रूट कॅनालचे पैसे कसेबसे भरायचे. मग डॉक्टर कॅपचा आकडा सांगतात. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून माणूस खुर्चीवरून उठतो. दुखणं गेलेलं असतं, त्यामुळे तो पुढचा महिना येतच नाही.

रूट कॅनालमध्ये दाढेतली सडलेली नस काढून आतली पोकळी साफ करतात आणि भरतात. तोवर किडीने दाढेचा बराच भाग खाल्लेला असतो. आत उतरायला डॉक्टरांनाही वरून भोक पाडावं लागतं. उरतात त्या पातळ भिंती. चावताना येणारा जोर या भिंतींना बाहेर रेटत राहतो आणि एखाद्या दिवशी भाजलेल्या शेंगदाण्याने किंवा वाळलेल्या भाकरीच्या कडेने त्यातली एक तुटते. चीर वरच्या वर राहिली तर नशीब. ती हिरडीखाली मुळापर्यंत गेली, तर दाढ काढण्यावाचून सहसा इलाज उरत नाही. कॅप या भिंतींना चारही बाजूंनी आवळून धरते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रूट कॅनाल झालेल्या दातांची तुलना केली होती. कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांपेक्षा ६ पट वेगाने गमवावे लागले होते. वर भरलेलं तात्पुरतं सिमेंट तर काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आणि जंतू आत शिरतात आणि पैसे मोजून केलेलं रूट कॅनालही वाया जाऊ शकतं.

दाढ गेल्यावरचा खर्चही आधीच समजून घ्या. इम्प्लांट लावायचं तर खासगी दवाखान्यात २५-३० हजारांच्या खाली क्वचितच निभावतं. ब्रिज बसवायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. ‘कॅपचे पैसे वाचले’ म्हणणाऱ्याला पुढे काय भरावं लागतं, ते हे.

आता मुख्य प्रश्न, सरकारी की खासगी? माझं मत स्पष्ट आहे. पैशांमुळे कॅप अडली असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात जा, आणि लाजू नका. बेंगळूरचं सरकारी दंत महाविद्यालय व संशोधन संस्था १९५८ पासून काम करत आहे. व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात, सिटी मार्केटजवळ. मेट्रोने के. आर. मार्केट स्थानकावर उतरलं की चालत जाता येतं. नगरथपेटेतून तर मेट्रोचीही गरज नाही. तिथे शुल्क सरकारी दरपत्रकाप्रमाणे घेतात आणि खासगी दवाखान्यापुढे ते फार कमी असतं. बीपीएल कार्ड असेल तर सवलतीचं आधी विचारा. ‘शिकाऊ पोरं दाढ बिघडवतील’ ही भीती मी वारंवार ऐकतो. विद्यार्थी काम करतात हे खरं. पण दाढ घासणं, माप घेणं, कॅप बसवून पाहणं, या प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासतात. घाईच्या दवाखान्यात इतकी तपासणी होतेच असं नाही.

सरकारी ठिकाणाची खरी किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ती लपवणं बरोबर नाही. केसपेपर, एक्स-रे, घासणं, माप, बसवून पाहणं, शेवटी चिकटवणं. चार-सहा खेपा सहज होतात. रोजंदारीवरच्या माणसासाठी प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज. कॅपचे पैसे वाचवताना मजुरीत किती जातील याचा हिशोब मांडा. तो जमत नसेल तर मधला रस्ता आहे. बेंगळूरमध्ये खासगी दंत महाविद्यालयं बरीच आहेत. बेळगावच्या केएलई संस्थेचं आहे, जयनगर-जे. पी. नगरकडे आर. व्ही. आहे, व्ही. व्ही. पुरममध्ये वोक्कलिगर संघाचं आहे. तिथेही विद्यार्थ्यांच्या हातून, शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं आणि दर सहसा बाहेरच्या दवाखान्यापेक्षा कमी असतात. घराजवळचं गाठलं तर निदान प्रवासाचा वेळ वाचेल. केस कोणत्या विद्यार्थ्याकडे आहे, त्याची परीक्षा किंवा सुट्टी कधी आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. नाहीतर घासलेली दाढ तात्पुरत्या कॅपवर लोंबकळत राहते.

खासगीत जाणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. खुर्चीवर तोंड उघडं असताना ‘झिर्कोनिया करू या ना?’ या प्रश्नाला होकार देऊ नका. आधी उठून बसा आणि सगळे पर्याय दरांसकट कागदावर मागा. ढोबळमानाने धातूची साधी कॅप २ ते ४ हजारांत होते, धातूवर पोर्सेलिन चढवलेली ४ ते ८ हजारांत, आणि झिर्कोनियाची ८ हजारांपासून २० हजारांपर्यंत जाते. मागच्या दाढेला, जिथे हसताना काही दिसत नाही, साधी धातूची कॅप उत्तम चालते. तिच्यासाठी दाढ सर्वांत कमी घासावी लागते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. हा पर्याय अनेक ठिकाणी आपणहून सांगितला जात नाही, म्हणून तुम्ही विचारा. फक्त एक काळजी घ्या. खोट्या दागिन्यांनी कान किंवा गळा खाजत असेल, तर तुम्हाला निकेलची ॲलर्जी असू शकते. हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते निकेल नसलेला धातू किंवा झिर्कोनिया निवडतील. पुढच्या दातांना मात्र दातासारख्या रंगाचीच कॅप हवी; तिथे काटकसरीचा आग्रह धरू नका. आणि रूट कॅनाल झालेल्या पुढच्या दाताचा फार भाग गेला नसेल तर त्याला दरवेळी कॅप लागतेच असं नाही. कोणी एका दाताच्या नावाखाली पाच कॅप सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जागच्या जागी ईएमआयच्या कागदावर सही करू नका. झिर्कोनियाची कॅप घेतलीत तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा.

योजनांबद्दलचा गैरसमजही दूर व्हायला हवा. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. कॅप त्यात बसेल या आशेवर थांबू नका. खासगी आरोग्यविम्यातही दातांचे नेहमीचे उपचार सहसा वगळलेले असतात. कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी दंतभाग्य योजना आणली, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्याचे दात गेले त्याला सरकार कवळी देतं आणि ज्याची दाढ एका कॅपने वाचेल त्याला काही देत नाही, हा उलटा न्याय आहे. रूट कॅनाल झालेल्या दाढेची साधी धातूची कॅप बीपीएल कुटुंबांना मोफत मिळाली पाहिजे, अशी मागणी आपण आपल्या आमदारांकडे आणि नगरसेवकपदाच्या उमेदवारांकडे लेखी केली पाहिजे. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पण लिहा. मात्र नुसत्या घोषणेने काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. तिथे सरकारी व्यवस्थेत कॅपचा दर ठरलेला असतो. २०२४ साली तो ३१९.१० पौंड होता, आणि तेवढ्यात त्या दाताचं रूट कॅनालही येत होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये सरकारी रुग्ण घेणारा एक दंतदवाखाना उघडला, तेव्हा दारापुढची रांग आवरायला पोलिस आले. म्हणून नुसता दर ठरवून भागणार नाही; सरकारी महाविद्यालयात खुर्च्या, लॅब आणि शिक्षकांच्या जागा भरण्याची मागणीही त्याच पत्रात हवी.

परदेशातून सुट्टीत आलेल्या नातेवाइकांनाही एक विनंती. परतीच्या तिकिटाच्या चार दिवस आधी दाढ घासायला बसू नका. किमान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा, म्हणजे कॅप चावताना उंच लागली तर ती इथेच दुरुस्त होईल.

शेवटची विनंती बेंगळूरमध्ये स्थिरावलेल्या, कन्नड येणाऱ्या आपल्या तरुणांना आणि मंडळांना. गावाकडून नुकत्याच आलेल्या माणसाला खिडकीवर काय विचारायचं हेच कळत नाही, आणि तो अर्ध्या वाटेतून परत फिरतो. महिन्यातली एखादी सकाळ द्या. त्याच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभे राहा, केसपेपर काढून द्या, कॅप-कवळीच्या विभागापर्यंत पोचवा. आपल्या मंडळाच्या फलकावर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत अशा सोबत्यांची नावं याच आठवड्यात लावा. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड, आधीच्या दवाखान्याचे कागद आणि रूट कॅनालचा एक्स-रे बरोबर घ्यायला सांगा. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठीही. आणि सकाळी ओपीडी उघडण्याच्या आधीच पोचा.