मोहाच्या झाडाखालचा हिशेब

चैत्रात मोह गळतो. रात्रभर पडलेली फुले ऊन चढण्याआधी आणि रानातली जनावरे खाऊन जाण्याआधी वेचावी लागतात. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत बायका फटफटायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फुले वेचायची तर कमरेत वाकावे लागते, उकिडवे बसून पुढे सरकावे लागते. असे वाकलेले माणूस वाघाला त्याच्या नेहमीच्या भक्ष्यासारखे भासते, असे जंगलात आयुष्य घालवलेले लोक सांगतात. मोह सरला की मे महिन्यात तेंदूपत्ता. तेही पहाटेचेच काम, आणि तेही झुडपात वाकून. 2025च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

अशी बातमी आली की गावातून मागणी येते, ‘वाघ पकडा’. वनखात्याकडून सूचना येते, ‘जंगलात जाऊ नका’. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, आणि दोन्ही मागण्या पुऱ्या होण्यासारख्या नाहीत. म्हणूनच या प्रश्नाकडे संतापाच्या दिवशी नव्हे, शांतपणे पाहिले पाहिजे.

आधी जे कमावले ते मान्य करू. 2006च्या गणनेत महाराष्ट्रात 103 वाघ होते. 2022च्या गणनेत ते 444 झाले. त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. हे आपोआप झालेले नाही. पायी गस्त घालणारे वनरक्षक आणि वनमजूर, गाभा क्षेत्रातून उठून बाहेर आलेली गावे, आणि गोठ्यातली गाय गेली तरी विष न घालणारे शेतकरी, या तिघांनी मिळून हे केले. 2021च्या नोव्हेंबरात ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ‘खाते विरुद्ध गाव’ अशी मांडणी करताना तिचे मरण कोणत्या बाजूला धरायचे?

आणखी एक गोष्ट गावांनीही लक्षात घ्यावी. ताडोबाच्या दक्षिणेला कोळसा आहे. लोहाऱ्याच्या कोळसा खाणीचा प्रस्ताव मागे पडला तो ताडोबाच्या वाघांमुळे. वाघ नसता तर आज ज्या रानावरच्या हक्कासाठी आपण भांडतो, त्यातले बरेचसे रान गावासाठीही उरले नसते.

आता खर्चाची बाजू. 2022 या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत 50हून अधिक माणसे मेली. त्यांत गुराखी होते, धानाच्या बांधीवर राखणीला गेलेले होते, सरपण आणायला गेलेल्या बायका होत्या. हे मृत्यू बहुतेक कुठे होतात, हे नकाशावर पाहिले की खरी मेख कळते. ताडोबाचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा आणि त्याभोवतीचे बफर 1,101 चौरस किलोमीटरचे. पर्यटक येतात ते मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांशी. तिथे गाइडची, जिप्सी चालवण्याची, रिसॉर्टमधली कामे आहेत, प्रवेशशुल्कातून गावांना निधी मिळतो. ब्रह्मपुरी वनविभागात मात्र जंगल, धानाची शेते, तलाव आणि गावे एकमेकांत मिसळलेली आहेत. घोडाझरी अभयारण्य सोडले तर तिथे संरक्षित क्षेत्र असे फारसे नाही. वाघ मात्र भरपूर आहेत. वाघ ज्या गावाला रोजगार देतो ते गाव वेगळे आणि ज्या गावातले माणूस नेतो ते गाव वेगळे. हा विषमपणा आम्हाला या सगळ्या प्रश्नाचे मूळ वाटतो. वाघाविषयीचा लोकांचा राग पुष्कळदा वाघावरचा नसतो. आपल्या वाट्याला फक्त भीती आली, याचा तो असतो.

‘वाघ पकडा’ या मागणीचे काय? माणसांवर वारंवार हल्ले करणारा वाघ पकडलाच पाहिजे, आणि त्यात दिरंगाई म्हणजे पुढच्या मरणाला दिलेली मुदत आहे. पांढरकवड्याच्या वाघिणीच्या प्रकरणात हे दिसले. 2018च्या नोव्हेंबरात तिला गोळी घातली तेव्हा देशभर हळहळ झाली. तिच्या नावावर नोंदलेल्या 13 माणसांच्या घरी तोवर दोन वर्षे हळहळ चालू होती. पण पकडणे हा नेहमीचा उपाय होऊ शकत नाही. एका वाघाचे क्षेत्र रिकामे झाले की तिथे दुसरा, बहुधा जागा शोधत फिरणारा तरुण वाघ येतो, आणि पकडलेले वाघ गोरेवाड्यासारख्या बचाव केंद्रात किती ठेवणार? 2023मध्ये चंद्रपूरच्या वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, 2024मध्ये ताडोबाची वाघीण ओडिशातल्या सिमिलीपालला गेली. असे स्थलांतर चालू ठेवावे. पण दोन-चार वाघिणी नेल्याने सिंदेवाहीतली पहाट निर्धास्त होत नाही.

‘जंगलात जाऊ नका’ हे सांगणे तर त्याहून सोपे. मोह आणि तेंदू ही ज्या घरची वर्षाची रोकड आहे, त्या घराला ही सूचना म्हणजे ‘कमवू नका’ असेच ऐकू येते. गॅस सिलिंडर दिल्याने सरपणाच्या फेऱ्या कमी होतात, सौर कुंपणाने रानडुकरे काही प्रमाणात थोपतात. 2015मध्ये सुरू झालेल्या जन-वन विकास योजनेतली ही कामे उपयोगाचीच आहेत. पण सिलिंडर मोहाची जागा घेत नाही.

पुनर्वसनाचे उत्तरही सरसकट देता येत नाही. कुटुंबामागे 10 लाख रुपये मिळत, 2021पासून ते 15 लाख झाले. शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता यांच्यासाठी गाभ्यातली काही कुटुंबे स्वखुशीने बाहेर आली, आणि त्यांना ‘जंगलातच राहा’ असे सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. तरीही मेळघाटातून अकोट तालुक्यात वसवलेले लोक 2019च्या जानेवारीत परत जंगलातल्या जुन्या गावठाणांकडे निघाले आणि वनखात्याशी, पोलिसांशी संघर्ष झाला, हे विसरता येत नाही. पैसे देऊन गाव हलते. जमीन, काम आणि पाणी मिळाले नाही तर ते नव्या जागी रुजत नाही.

मृत्यूची भरपाई आता 25 लाखांवर गेली आहे. ती हवीच. पण भरपाई माणूस मेल्यावर सुरू होते, आणि आपला सगळा हिशेब तिथूनच मांडायची आपल्याला सवय लागली आहे.

मग आधीचा हिशेब कसा मांडायचा? गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचे उदाहरण बोलके आहे. वनहक्क कायद्याखाली 2012मध्ये या गावाला हजारभर हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू विकून उत्पन्न मिळवले, आणि तेंदूपत्ता तोडणे स्वतःहून बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. जंगलाचा काही भाग त्यांनी पूर्ण राखूनही ठेवला. हक्क मिळताच ओरबाडायला न धावता या गावाने स्वतःच्या उत्पन्नावर स्वतः मर्यादा घातली. पण म्हणून प्रत्येक गाव पाचगाव होईल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पाचगाव लहान आहे, बांबूचा आधार असलेले आहे, वर्षानुवर्षे एकत्र बसून निर्णय घेणारे आहे. मोठ्या, गटातटांच्या गावात ग्रामसभेच्या नावाने दोन-तीन जणच निर्णय घेतात, हेही आपण पाहतो. मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याने वणवे लागतात आणि शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने वाघ मरतात, माणसेही मरतात. ही कामे गावातलीच आहेत.

तरीही आमचा कौल ग्रामसभेकडे आहे, अटींसह. जंगलाच्या कोणत्या कक्षात वाघीण पिलांसह आहे, हे कॅमेऱ्यातून खात्याला कळते. ते मोह-तेंदूच्या हंगामाआधी आणि हंगामात रोज गावाला कळले पाहिजे. तो कक्ष तेवढे दिवस बंद ठेवायचा ठराव ग्रामसभेने करावा, आणि बुडालेली मजुरी शासनाने द्यावी. मरणानंतरच्या भरपाईपुढे ही रक्कम फार नाही. पर्यटनाच्या पैशातला ठरावीक हिस्सा बफरपुरता न राहता प्रादेशिक वनविभागांतल्या वाघ असलेल्या गावांपर्यंत जावा. बदल्यात गावाने मोहाखाली आग लावणार नाही, त्याऐवजी जाळ्या बांधू, आणि कुंपणात वीज सोडणार नाही, हे लेखी स्वीकारावे. मोडणाऱ्याला गावानेच दंड करावा. तेंदूची फळी, म्हणजे पाने मोजून घेण्याची जागा, उजाडल्यावर उशिरापर्यंत चालू ठेवली तर अंधारात निघण्याची घाईही थोडी कमी होईल.

ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या तारूचे ठाणे आहे, तो वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख होता, अशी गोंडांची कथा आहे. मेलेल्या माणसाचा इथे देव झाला आणि वाघही रानात राहिला. त्या कथेत माणूस आणि वाघ दोघेही त्या रानातले आहेत, बाहेरून कुणी निर्णय द्यायला आलेले नाही.

तेंदूचे लिलाव उन्हाळ्याच्या आधीच होतात. लिलावाच्या अटी ठरताना, ठेकेदार आणि अधिकारी बसतात त्याच टेबलाशी सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या ग्रामसभांतल्या पाने तोडणाऱ्या बायकांना या वर्षी बसवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.