एकाच बार्लीची बिअर, फरक यीस्टचा: नॉर्वेच्या 'क्वाइक'ची गोष्ट काय आहे?

एकच बार्ली, एकच हॉप्स, एकच पाणी. तरी दोन बादल्यांमधली बिअर वेगळी लागते, कारण यीस्ट वेगळं असतं. घरी एल बिअर बनवणाऱ्या परदेशातल्या हौशी मंडळींमध्ये गेल्या काही वर्षांत 'क्वाइक' या नॉर्वेच्या यीस्टची बरीच चर्चा आहे.

दोन वाणांत फरक काय?

'यूएस-05' हे अमेरिकन एलसाठीचं लोकप्रिय यीस्ट. त्याला साधारण 18 ते 26 अंश सेल्सिअस तापमान लागतं. चव साफ, त्यामुळे हॉप्स उठून दिसतात. तापमान फार वाढलं, तर नको असलेले वास येतात. 'व्हॉस क्वाइक' मात्र 35 ते 40 अंशांत उत्तम चालतं. काम दोन-तीन दिवसांत आटोपतं आणि चवीला संत्र्याची झाक येते. म्हणजे थंड ठेवण्याचा खर्च वाचतो.

क्वाइकला उष्णता कशी सोसते?

पश्चिम नॉर्वेतले शेतकरी पिढ्यानपिढ्या कोमट द्रावणातच यीस्ट टाकत आले. उरलेलं यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे. बिघडलंच, तर शेजाऱ्याकडून आणायचे, आपण विरजण आणतो तसंच. क्वाइकचा स्वतंत्र जनुकीय गट असल्याचं 2018 च्या संशोधनात दिसलं. या पेशी ट्रेहॅलोज ही साखर जास्त साठवतात, असंही पुढे आढळलं.

मग प्रश्न कुठे आहे?

शेतावरच्या क्वाइकमध्ये बहुतेकदा अनेक वाण एकत्र नांदतात. पाकिटात सहसा त्यातला एकच असतो. त्यामुळे पाकीट जगभर पोहोचलं, तरी अख्खं विरजण टिकलं असं होत नाही.

दुसरा प्रश्न फायद्याचा. जनुकीय साधनांतून होणारा लाभ वाटून घ्यावा, असं 2014 मध्ये लागू झालेला नागोया करार सांगतो. नॉर्वे त्यात आहे, अमेरिका नाही. पण करारामुळे गावाला पैसे आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी त्या देशाचा कायदा आणि परस्पर संमती लागते.

महाराष्ट्रात घरी करता येईल?

आपल्या उन्हाळ्याला क्वाइक मानवेलही, पण 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.

विरजण शेजाऱ्याला देताना कुणी हिशोब ठेवत नाही. तेच पाकिटात भरून विकलं जातं, तेव्हा मात्र हिशोब विचारायलाच हवा.