फांदी तोडण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की शाळेच्या आवारातील झाडे छाटावी लागतात. हल्ली कोयता-कुऱ्हाडीऐवजी पेट्रोलवर चालणारी मशीनची करवत येते. काम तासाभरात उरकते. पण चालवणाऱ्याच्या पायात चप्पल आणि डोक्याला नुसता रुमाल असतो.

या करवतीची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत क्षणात माणसाच्या तोंडाकडे उसळते. म्हणून हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानांना संरक्षण, भक्कम बूट आणि खास जाड पँट हवी. या पँटमधले लांब तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात.

साधने असली तरी अक्कल गहाण ठेवून चालत नाही. शिडीवरून करवत चालवू नये, ती खांद्याच्या वर नेऊ नये, एकट्याने काम करू नये. झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नसावे.

विश्वस्तांना विनंती, की दरपत्रक मागवतानाच ही साधने अट म्हणून घालावीत आणि काम सुट्टीच्या दिवशी करून घ्यावे. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. फांदीवर चढलेला माणूसही कोणाचा तरी बाप असतो. कदाचित आपल्याच शाळेतल्या मुलाचा.