रावतभाट्याची आठवण

इराण असो वा उत्तर कोरिया, अण्वस्त्रे रोखणाऱ्या कराराची वार्ता आली की लोक विचारतात, हा कागद टिकेल कशावरून? राजस्थानात राहणाऱ्यास या संशयाची दुसरी बाजूही दिसते. कॅनडाने ‘सायरस’ अणुभट्टी दिली ती शांततामय उपयोगाच्या अटीवर. तिच्यातील प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणला वापरले गेले. आम्ही तो स्फोट ‘शांततामय’ म्हटला. करारात अशा स्फोटास स्पष्ट मनाईही नव्हती. कॅनडाने तो विश्वासभंग मानून हात आखडता घेतला आणि रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी स्वबळावर पुरी केली. याचा आपणांस अभिमान वाटतो, तो रास्तच. पण ओटावातील नागरिकाने पुढील करारावर का विसंबावे?

दक्षिण आफ्रिकेने सहा अण्वस्त्रे नष्ट केली. जगाने ते मानले, कारण निरीक्षकांनी उत्पादनाच्या नोंदी पडताळल्या. इराणचे निराळे. तो अटी पाळत असल्याचे निरीक्षकांचे अहवाल येत असतानाच २०१८ मध्ये अमेरिका २०१५च्या करारातून बाहेर पडली. माघार घेणाऱ्या महासत्तेस किंमत मोजावयास लावणारे कलम त्यात नव्हते. नवा मसुदा हाती आला, तर ते आधी शोधावे.